न पिणाऱ्याचं स्वादुपिंड

"घेता का?"

स्वादुपिंडाला सूज आलेल्या माणसाला डॉक्टर हा प्रश्न विचारणारच, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही हे मला आता पटलेलं आहे. तेव्हा पटत नव्हतं. तेव्हा मी रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात कॉटवर गुडघे दुमडून बसलो होतो, उशी पोटाशी आवळून पुढे-मागे झुलत. बेंबीच्या वर कुणीतरी पहार खुपसून पाठीतून बाहेर काढावी तशी कळ होती. आडवं झालं की वाढायची, पुढे वाकलं की जराशी दम घेऊ द्यायची.

"नाही," मी म्हटलं.

"कधीतरी? लग्नाकार्यात?"

"नाही हो."

"मास्तर, लाजू नका. खरं सांगितलंत तर आम्हाला सोपं पडतं."

मग डॉक्टरांनी माझ्या बायकोला, सुजाताला, जरा बाहेर थांबायला सांगितलं आणि आवाज खाली आणून पुन्हा तेच विचारलं. मीही आवाज खाली आणून पुन्हा तेच उत्तर दिलं. केसपेपरवर त्यांनी इंग्रजीत लिहिलं की रुग्ण दारू पीत असल्याचं नाकारतो. सुजाताने ते वाचून मला सांगितलं आणि त्या अवस्थेतही माझं डोकं तडकलं. नाकारतो म्हणजे काय? चोर नाकारतो, मी नाकारत नव्हतो, मी पीतच नव्हतो.

हे लिहायचं कारण एवढंच, की असाच आजार घेऊन कुठल्यातरी वॉर्डात कुणीतरी न पिणारा माणूस आत्ता चिडून बसला असेल. त्याला कळावं की तो एकटा नाही.

मी आणि माझं घर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. दरवर्षी मुलांना रांगेत घेऊन गावातून व्यसनमुक्तीची फेरी काढतो. घोषणा मीच रचतो, आणि त्या यमकाला जरा कच्च्या असतात असं सुजाताचं म्हणणं आहे. आमचं गाव पालीच्या पुढे, आत. आमच्या बौद्धवाडीत छोटासा विहार आहे. पौर्णिमेला तिथे वंदना होते आणि ती बरीच वर्षं मी घेतो. मी पुढे म्हणायचं, लोकांनी मागून म्हणायचं. पाच शीलं त्यात येतात, आणि पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून लांब राहण्याचं. तर असा हा माणूस, आणि त्याच्या पोटाने दगा दिला तो नेमका पाचव्या शीलाच्या जागी.

पण खरी अडचण याहून जुनी होती. माझे वडील मुंबईला गोदीत कामाला होते. मी सातवीत असताना ते पोट दुखून दुखून गेले. मुंबईच्या गाववाल्यांनी सांगितलं, दवाखान्यात म्हणाले की दारूने आतडं सडलं. वडील सुट्टीला येत तेव्हाही त्यांना कळा यायच्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते शपथ घ्यायचे की मी थेंबसुद्धा घेत नाही. आय म्हणायची, "पोराचं डोकं सोड, खोटारड्या." ती आमच्या घरातली सगळ्यांत तिखट आठवण. वडील गेल्यावर आयने त्यांचा एकही स्मृतिदिन करू दिला नाही. "दारूनं गेलेल्याचा कसला सुमृतिदिन," एवढंच बोलायची आणि विषय संपायचा.

त्यामुळे आमच्याकडे पोटदुखीचा अर्थ एकच होता. माझ्या पोटात कळ आली तेव्हा मला दुखण्याची भीती वाटलीच, पण त्याहून जास्त भीती वाटली ती आयला कळवण्याची.

वॉर्ड

आधी तोंडातून काहीच द्यायचं नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. फक्त सलाइन. ओठ तडकले की सुजाता ओला कापूस फिरवायची. पहिल्या दिवशी भूक लागते, मग लागत नाही, मग अशी लागते की माणूस शेजाऱ्याच्या डब्याकडे डोळे लावून बसतो. माझ्या शेजारच्या कॉटवर नाटे गावचे यशवंतदादा होते, ट्रॉलरवर काम करणारे. त्यांचंही स्वादुपिंडच. फरक इतकाच की ते पीत होते आणि तसं उघड सांगत होते. त्यांच्या सुनेने एकदा तळलेला बांगडा आणला, तो त्यांना चालणार नव्हताच, सिस्टरने डब्यासकट सुनेला बाहेर काढलं. पण वास राहिला. आम्ही दोघे त्या वासाकडे तोंड करून पडलो होतो.

"मास्तर," यशवंतदादा म्हणाले, "माझ्याकडं बगून शिका. मी सांगून मोकला झालो. तुमी कशाला कुडत बसलाव?"

"दादा, मी खरंच घेत नाही."

"बरां, नाय घेत," ते म्हणाले, आणि अशा मायेने हसले की माझा संताप तिथल्या तिथे विझला. माझ्यापेक्षा त्यांना चालायला बरं जमत होतं, म्हणून संडासला जाताना मी त्यांच्या खांद्याचा आधार घ्यायचो. माझी सलाइनची बाटली ते उंच धरून चालायचे. स्वतःचं पोट एका हाताने दाबलेलं, दुसऱ्या हातात माझी बाटली. ते उपकार मी विसरणार नाही.

आय आली ती दुपारच्या एसटीने. स्टूल ओढून बसली, मग उठली, माझ्यावर वाकली. मला वाटलं कपाळावर हात ठेवतेय. तिने माझ्या तोंडाचा वास घेतला.

मी डोळे मिटून घेतले. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, आणि आजही लिहिताना वाटतं.

आप्पांची समजूत

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नव्हते. खडे नाहीत, म्हणजे दुसरं कारण काय, ते लोकांनी आपापलं ठरवलं. मी बरा होऊन घरी आलो, तेल-तूप सोडलं, मटण सोडलं, आणि काही महिन्यांनी पुन्हा आडवा झालो. या वेळी तर आदल्या दिवशी मी नुसता भात आणि मुगाचं वरण खाल्लं होतं. पुन्हा तोच दवाखाना, तोच प्रश्न, तेच नाकारणं.

गावात गंगाराम आप्पा आमच्या विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष. वयाने वडिलांच्या बरोबरीचे, त्यांचे सोबती. भला माणूस. त्यांना मुंबई मंडळाचा, म्हणजे तिकडे राहणाऱ्या गाववाल्यांच्या मंडळाचा, फोन आला. कोकणातल्या वाडीला मुंबई मंडळ म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. गावातल्या दिव्याचा बल्ब गेला तरी परळला आधी कळतं. मंडळाचं म्हणणं पडलं की मास्तर घसरलेला दिसतो, त्याला सांभाळून घ्या, बोभाटा करू नका. आप्पांनी सांभाळून घ्यायचं ठरवलं आणि बोभाटा झाला तो त्यातूनच.

पौर्णिमेला वंदना झाली. मी पुस्तक मिटतोय तोवर आप्पा उठले. म्हणाले, "चूक माणसाच्यानंच व्हते. आपल्या मास्तरानं आज सगल्यांसमोर पाचवं शील पुन्ना घ्यावं. आमी पाठीशी हाव. ह्यात कमीपणा नाय."

सगळी वाडी माझ्याकडे बघत होती, आणि वाईट म्हणजे कुणाच्या नजरेत तिरस्कार नव्हता. सगळ्यांना माझी कीव येत होती. मागे बायकांच्या रांगेत आय खाली मान घालून बसली होती. मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. सुजाता म्हणते, मी फक्त "जे केलंच नाही ते सोडू कसं?" एवढंच म्हणालो आणि चपला न घालता बाहेर पडलो.

घरी आल्यावर सुजाता म्हणाली, "घ्यायचं होतं ना. दर पौर्णिमेला घेताच की."

"तेव्हा सगळे घेतात. आज मला एकट्याला उभं केलं."

ती माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "एक सांगू? रागावू नका. मी तुमच्या स्कूटरची डिकी बघितली होती."

"कधी?"

"दोनदा."

"काय सापडलं?"

"खडूचे तुकडे. आणि माझी हरवलेली छत्री."

मला हसू यायला नको होतं, पण आलं. हसलं की पोटात दुखायचं, तरी हसलो. तीही हसली आणि मग रडली. आजारपणात नवरा-बायकोत काय काय साचतं ते बाहेरच्याला कळत नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता, फक्त त्या विश्वासाला दोनदा डिकी उघडून बघावीशी वाटली. मी तिला दोष देत नाही. तिने ते तोंडावर सांगितलं, हेच मला पुरलं. पुढच्या पौर्णिमेपासून मात्र मी वंदना घ्यायला गेलो नाही.

कोल्हापूर

तिसऱ्या वेळी रत्नागिरीच्या डॉक्टरांनीच हात टेकले. आता त्यांनाही कोडं पडलं होतं. म्हणाले, "मास्तर, तुम्ही कोल्हापूरला जा. तिथे स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय करा. मला वाटतं, आपण कुठेतरी चुकतोय." 'आपण' म्हणाले. मला त्या शब्दाचं फार बरं वाटलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा सगळा राग गेला.

सुजाता बरोबर होती आणि आय हट्टाने आली. आंबा घाटातल्या प्रत्येक वळणावर मी ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आय मागच्या सीटवर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. घाट चढून वर आल्यावर ती एकदाच म्हणाली, "तुज्या बापाला पन असाच वाकून बसावा लागायचां."

एमआरआयच्या बोगद्यात कानाशी जो ठणठणाट होतो त्याबद्दल कुणी आधी सांगितलं तर बरं पडतं, म्हणून सांगून ठेवतो: नुसता आवाज असतो, दुखत काही नाही. डोळे आत जायच्या आधीच मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका.

कोल्हापूरच्या डॉक्टरबाईंसमोर मी 'घेता का'ची वाट बघत बसलो. उत्तर तयार होतं, जरा तिखटच. त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी असं दुखायचं?"

मी सुजाताकडे बघितलं. कुणी मला हा प्रश्न विचारलाच नव्हता. दुखायचं. शाळेत असताना, सणावाराला जेवलो की दुखायचं. आय ओवा चावायला द्यायची आणि पोटावर एरंडेल चोळायची. जंत झाले म्हणायची.

डॉक्टरबाईंनी फिल्म उजेडावर लावली आणि समजावून सांगितलं. मी शिक्षक आहे, समजावून सांगणं म्हणजे काय ते मला कळतं. त्यांना ती कला होती. आईच्या पोटात असताना स्वादुपिंड दोन तुकड्यांत तयार होतं. पुढे ते तुकडे एकमेकांना चिकटतात आणि त्यांच्या आतल्या दोन नळ्याही जोडल्या जाऊन एक होते. काही माणसांत तुकडे चिकटतात, नळ्या मात्र जोडल्या जात नाहीत. मग बहुतेक सगळा रस मोठ्या दाराने न जाता शेजारच्या लहान दाराने आतड्यात जातो. अशी माणसं पुष्कळ असतात आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. थोड्यांच्या बाबतीत ते लहान दार पुरत नाही, रस तुंबतो आणि सूज येते.

"आमच्या गावच्या पाटाला मोरी लहान पडली की वरचे वाफे बुडतात, तसं," मी म्हटलं.

"अगदी तसंच. बाकीची कारणं आपण तपासून बाजूला काढली आहेत. तुमची ती मोरी फारच अरुंद आहे. हे जन्मापासून आहे, मास्तर. तुम्ही काही खाल्लं-प्यायलं म्हणून ही नळी अशी झालेली नाही."

मी रडलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, डॉक्टरच्या टेबलावर डोकं ठेवून. आजार सापडला म्हणून कुणी आनंदाने रडत असेल तर तो मी. सुजाता माझ्या पाठीवर थोपटत होती आणि स्वतः नाक ओढत होती.

तेवढ्यात आय बोलली. तोवर ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर पदर आवळून बसली होती.

"बाय, ह्येच्या बापाला पन असांच असंल काय? त्यो पन असाच वाकून बसायचा. पीत नाय बोलायचा."

डॉक्टरबाईंनी फिल्म खाली ठेवली. "आजी, तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. मुलाला आहे म्हणून वडिलांना असेलच असंही नाही. पण न पिणाऱ्या माणसालाही हे दुखणं होतं, एवढं मात्र खरं."

"मंजे नक्की सांगता येत नाय."

"नाही येत, आजी."

लॉजवर गेल्यावर आय जेवली नाही.

दार मोठं करताना

तोंडातून दुर्बीण घालून ते लहान दार जरासं कापून रुंद करायचं आणि त्यात काही काळासाठी बारीक नळी ठेवायची, असा उपाय ठरला. त्यानेही सूज येऊ शकते हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि मला ती आलीच. दुर्बिणीनंतरचे दोन दिवस वाईट गेले. त्या दिवसांत मला वाटलं की नको तो उपाय करून बसलो. ज्यांना हे करायचं आहे त्यांना मी खोटं सांगणार नाही: भीती वाटते, आणि ती उगाच नसते. पण सूज उतरली. पुढे ती बारीक नळी काढून टाकली, आणि तेव्हापासून ती पहार पुन्हा आलेली नाही. अधूनमधून बारीक दुखतं. थोडं थोडं खातो, तेलकट टाळतो, आणि दारूला शिवत नाही, जिला मी तसाही कधी शिवलो नव्हतो.

त्या वाईट दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात गंगाराम आप्पा उभे. हातात थर्मास. त्यांना निदानाचं काही कळलेलं नव्हतं, आम्ही कुणाला कळवलंच नव्हतं. एसटी बदलत, घाट चढून तो म्हातारा माणूस पेज घेऊन आला होता.

"आप्पा, मला तोंडातून काही द्यायचं नाहीये."

"मंग वास घे," आप्पा म्हणाले. कॉटच्या कडेला बसले आणि माझे पाय दाबायला लागले. मग म्हणाले, "त्या दिवशी माजी पद्धत चुकली. तू घेत असशील, नसशील, आमचा हायस."

सुजाताने त्यांना सगळं सांगितलं. दोन नळ्या, लहान दार, जन्मापासूनचं. आप्पांचे हात थांबले. मग आयकडे न बघता म्हणाले, "तुजा घरवाला आमच्याबरोबर कंदी बसला नाय. आमी बसायचाव, त्यो भाईर उभा रवायचा. मला वाटायचां, चोरून घेत असंल."

आय ऐकत होती.

आजारपणाने मला जे दिलं ते यात आहे. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांचे उपकार आहेतच. पण ज्यांनी ठेवला नाही, तेही मला सोडून गेले नाहीत. पिणारा समजून त्यांनी माझी बाटली धरली, पाय दाबले, पेज आणली, शाळेतले माझे वर्ग घेतले. मी निर्दोष आहे हे सिद्ध व्हायची वाट कुणी बघितली नाही. मी स्वतः एवढा मोठ्या मनाचा आहे का, याबद्दल मला शंका आहे.

स्मृतिदिन

गावी परतल्यावर आयने आप्पांना बोलावून सांगितलं, "ह्येच्या बापाचा सुमृतिदिन करायचा हाय."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाडी जमली. मुंबईहूनही दोघे-चौघे आले. रीत अशी की आधी वंदना होते, मग गेलेल्या माणसाबद्दल कुणीतरी दोन शब्द बोलतं, मग जेवण. मी वंदना घ्यायला पुढे बसलो, तोच मागच्या रांगेतून आय उठली. ती कधीही चार माणसांत बोललेली नाही. आज तिचा आवाज मोठा होता.

"ह्यो मानूस पोराच्या डोस्क्यावर हात ठेवून बोलायचा, मी पीत नाय. मी आयकला नाय. मेल्यावर पन त्येला खोटारडा बोल्ले. आता कोल्लापूरची डाक्टरीन बोल्ली, त्येला काय झाल्ता त्यां नक्की सांगता येत नाय." तिने समोर बसलेल्यांवर नजर फिरवली. "पन त्यो पितच हुता, ह्यां तरी मला कुनी नक्की सांगितला हुता? कुनी बगितला हुता? तरी मी तांच धरून बसले. दोन्ही नक्की नाय, तर आता ह्यां धरीन. माजा मानूस पीत नवता."

आयने पदराने तोंड पुसलं, खाली बसली आणि मला म्हणाली, "चल, सुरू कर."